उंच गाडी, नहराची पार आणि बबलूभैयांचं मत

गोंदियाहून केशोरीला, माझ्या गावी, मी आजवर शंभरदा तरी गेलो असेन. एसटीने गेलो, धानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून गेलो, मामाच्या मोपेडवर मागे पोतं धरून गेलो. पण या माघात त्याच रस्त्याने तीन दिवस लावून गेलो आणि आलो, ती हकिगत लिहून ठेवावीशी वाटली. ज्यांनी आमचा हा कोपरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना नव्या उंच गाडीचं कुतूहल आहे त्यांच्यासाठीही.

कुडवा

मी कुडव्याला एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला आहे. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचं कार्ड लिहायचं, गाडीवाल्याची तक्रार ऐकायची, ती मेकॅनिकला समजेल अशी उतरवायची, हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा गावात सांगतात, "आमचा हेमू गाड्यायच्या दवाखान्यात लिहिते." मला ते आवडतं.

आमची कंपनी प्रसिद्ध आहे ती लांब, बुटक्या, भारी गाड्यांसाठी. सीट खाली, हँडल हाताशी, पाय पुढे सोडून द्यायचे आणि आरामात, धडधड आवाज करत निघायचं. गोंदियात या गाड्यांचा क्लबच आहे. त्याचे अध्यक्ष बबलूभैया. राइस मिलवाले, पन्नाशी ओलांडलेले, वजनाने शंभराच्या पुढचे, आणि मनाने त्याहून मोठे. जगातली प्रत्येक वस्तू ते धानाच्या कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, मोजतात.

या कंपनीने आता पहिल्यांदाच खड्ड्याखुड्ड्यांतून, चिखलातून, नदीनाल्यातून जायची गाडी काढली. उंच, लांब टांगांची, पुढचं चाक मोठं. आमच्याकडे चाचणीसाठी एक आली त्या दिवशी शोरूमसमोरच्या टपरीवर चहा कमी पडला.

"ये गाड़ी है के ऊँट?" बबलूभैयांनी पहिलं मत दिलं.

"शिडी कंपनीकडूनच भेटते का वेगळी घ्या लागते?" टपरीवाल्याने विचारलं.

"आणि आवाज? आमच्या गाड्या आल्या तर गल्लीतली कुत्री उठतात. ही तर शिलाई मशीन आहे!" क्लबातला एकजण म्हणाला.

भैयांनी टाकीवर हात ठेवून गाडी जराशी हलवली. "पाच कट्टे धान," ते म्हणाले, "और वो भी अटारी पे रखा हुआ."

सगळे हसले. मीही हसलो, पण वरवर. कारण ही गाडी राहते की जाते यावर माझं बरंच काही अवलंबून होतं. कंपनीचे नागपूरचे साहेब स्पष्ट बोलले होते: आमच्या भागासाठी अशी एकच गाडी. क्लबच्या जुन्या रायडरांनी ती स्वतः कच्च्या रस्त्यावर चालवावी, रविवारच्या आत आपलं मत मोबाइलवर बोलून पाठवावं. मत चांगलं आलं तर गाडी गोंदियात राहील आणि ती चालवायला शिकवणारा एक माणूस शोरूममध्ये नेमला जाईल. मत वाईट आलं तर गाडी दुसऱ्या गावी. त्या शिकवणाऱ्याच्या जागेसाठी माझं नाव होतं. त्यासाठीच मला नागपुरात दोन दिवस मातीत, रेतीत गाडी चालवायचं शिक्षण दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला लिहिण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी निवडत होतं.

आणि क्लबचं मत म्हणजे बबलूभैयांचं मत. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणतात.

नवेगावबांध

आम्ही तिघं निघालो. भैया आपल्या जुन्या लांब गाडीवर. ते म्हणाले, डांबरावर तर म्हैसही चालते, नव्या गाडीवर मी कच्च्या रस्त्यावरच बसेन. दुसरे पटले सर. अर्जुनीला मी अकरावी-बारावी केली तेव्हा ते आम्हाला गणित शिकवायचे. बी.कॉम.च्या प्रवेशाचा माझा अर्ज त्यांनी स्वतःच्या पेनाने भरला होता, कारण तो कसा भरायचा हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ते निवृत्तीला आले आहेत आणि गेली कित्येक वर्षं याच कंपनीची गाडी चालवतात. तिसरा मी. नवी गाडी सरांनी आणि मी आळीपाळीने चालवायची असं ठरलं.

सकाळी धुकं एवढं होतं की गोरेगावपर्यंत आम्ही एकमेकांना फक्त लाल दिव्यावरून ओळखत होतो. तिथे पोहे खाल्ले, हात शेकले. सरांनी डायरी काढून लिहिलं: "पाठ: उत्तम. हवा: छातीवर कमी. आवाज: उणीव जाणवते."

"सर, आवाजाचं काय लिहिता?" मी म्हटलं. "तो काही गुण नाही."

"हेमराज, तीस वर्षं माणूस एका घरात राहिला की घड्याळाची टिकटिकसुद्धा घरातलीच होते. ती बंद पडली तर झोप येत नाही."

हे मत मी मनात नीट ठेवलं. लोक गाडीबद्दल बोलतात तेव्हा बहुतेक वेळा स्वतःबद्दलच बोलत असतात, हे मला कार्ड लिहिताना कळलं होतं.

कोहमाऱ्याच्या चौकात मात्र फजिती झाली. सर थांबले, आणि त्यांनी सवयीने डावा पाय खाली सोडला. त्यांच्या गाडीवर तो सरळ जमिनीला लागतो. इथे जमीन आलीच नाही. ते गाडीसकट संथपणे, एखादं झाड पडावं तसे, पेरूच्या हातगाडीकडे कलले. पेरूवालीने एका हाताने सरांचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने तराजू सावरला आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, किलो देऊ का अर्धा?"

सरांनी किलो घेतले. डायरीत लिहिलं: "थांबताना काळजी."

नवेगावबांधला दुपारी पोचलो. तळ्याकाठी ऊन इतकं कोवळं होतं की भैया जाकीट काढून दगडावर आडवे झाले. पाण्यावर दूरदेशची बदकं काळ्या ठिपक्यांसारखी पसरली होती. जेवायला तळ्यातली मासोळी, आंबट रस्सा आणि भात. पुण्याकडचे एक पाहुणे शेजारी जेवत होते, ते पोळी मागत होते. वाढणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं, "भात खा ना भाऊ, झाडीत आले तं. पोरी काय तुमच्या घरी भेटत नाही?" झाडी म्हणजे आमचा धानाचा मुलूख, आणि पोरी म्हणजे पोळी. पाहुण्यांनी मुकाट्याने भात घेतला, आणि दुसऱ्यांदाही मागितला.

इथे आम्हाला उईके मॅडम भेटल्या. सरिता उईके, वनरक्षक. माझ्या ओळखीच्या, कारण त्यांच्या गाडीचं कार्ड मीच लिहितो. रोज जंगलातून फिरणारी अशी दुसरी रायडर आमच्या माहितीत नव्हती, म्हणून मी त्यांना आधीच फोन केला होता. त्या उंचीने जेमतेम पाच फूट. गाडीभोवती एक फेरी मारली, डावा पाय पायठेवणीवर ठेवला, सायकलवर चढतात तशा चढल्या आणि गेल्या. मोहाच्या झाडांमधून पायवाटेने गेल्या आणि पंधरा मिनिटांनी परत आल्या.

"कशी आहे?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"आवाज नाही हे लई बरं," त्या म्हणाल्या. "माझी गाडी एक किलोमीटरवरून सांगते का मॅडम येऊन राहिली. लाकडं तोडणारा पळून जाते आणि सांबरही पळून जाते. हिच्यावर दोघंही दिसतील."

पटले सरांनी डायरी उघडली, आवाजाच्या ओळीपुढे काहीतरी लिहिलं आणि पुन्हा बंद केली.

"और हाइट?" भैयांनी विचारलं. "पाँव तो पहुँचता नहीं आपका."

"कायले पोचायला पाह्यजे भाऊ? मी काय थांबायला निघाली का?"

मॅडमचं मत मी रेकॉर्ड केलं. पहिलं मत, आणि असं खणखणीत. त्या रात्री मी निश्चिंत झोपलो. निश्चिंत व्हायला नको होतं.

इटियाडोह

दुसऱ्या दिवशी धरणाकडे निघालो. वाटेत गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पमध्ये थांबलो. तरुण माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि रंगीत पताका. एका आजींनी वाफाळता शेवयांचा रस्सा दिला. त्यांच्या यजमानांनी गाडी बराच वेळ न्याहाळली आणि हिंदीत म्हणाले, "यह पहाड़ की गाड़ी है बेटा. यहाँ पहाड़ कहाँ है?"

बबलूभैयांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कोर्टात त्यांचा साक्षीदार उभा राहिला.

इटियाडोहची भिंत चढून वर गेलं की डोळ्यांत मावत नाही एवढं पाणी दिसतं आणि पलीकडे निळ्या टेकड्या. भैया कठड्याशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "इसी पानी का चावल मैं तीस साल से कूट रहा हूँ. पहली बार देखा." उन्हाळी धानासाठी पाणी सोडलेलं होतं. नहर, म्हणजे कालवा, काठोकाठ वाहत होता, आणि त्याच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, केशोरीकडे जाणारा कच्चा रस्ता. हाच आमचा परीक्षेचा रस्ता. भैयांनी हेल्मेट घट्ट केलं आणि पहिल्यांदा उंच गाडीवर चढले.

दोनेक किलोमीटर सगळं छान चाललं. मग एका ठिकाणी नहराचं पाणी पारीवर आलेलं होतं. ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथे दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधे काळा, तुपासारखा चिखल. पन्नास-साठ पावलांचा टप्पा.

आता इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. नागपुरात पहिल्याच तासाला शिकवलं होतं: चिखलात बसायचं नाही, पायठेवणीवर उभं राहायचं. मी ते भैयांना आणि सरांना तोंडाने सांगितलं. भैया म्हणाले, "खड़े होके गाड़ी लौंडे चलाते हैं, हेमराज. इस उमर में मुझे नमूना मत बना." सर म्हणाले, "या भागात माझे विद्यार्थी आहेत रे." आणि मी? मी आधी जाऊन दाखवायला हवं होतं. पण आमच्याकडे मोठ्या माणसासमोर गाडीवर उभं राहणं म्हणजे टवाळखोरी. मोठे दिसले तर आम्ही सायकलवरूनही खाली उतरून चालत जायचो. माझा अर्ज भरून देणाऱ्या सरांसमोर मी गाडीवर उभा राहू? मी भैयांची गाडी घेऊन बसूनच गेलो, पाय टेकत, लटपटत कसाबसा पलीकडे पोचलो. शिकवणारा बसून गेल्यावर शिकणारे कशाला उभे राहतील?

भैया बसून आले. दहा पावलांवर पुढचं चाक चाकोरीत गेलं. त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले, जमीन लागली नाही, घाबरून अ‍ॅक्सिलरेटर पिळला, आणि शंभर किलो बबलूभैया व पाच कट्टे गाडी एकमेकांच्या शेजारी चिखलात झोपले.

लागलं नाही, देवाची कृपा. आरसा तेवढा फुटला. भैया उठले तेव्हा त्यांच्या मिशीपासून बुटापर्यंत एकच रंग होता.

"लिख ले," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ऊँट है, और ऊँट इधर नहीं चाहिए. चला मोबाइल, बोलता हूँ."

"भैया, सकाळी घेऊ?"

"सुबह भी यहीच बोलूँगा."

गाडी मी ढकलत पलीकडे नेली. पटले सरांनी मागून धक्का दिला. या वेळी त्यांनी डायरीही काढली नाही.

केशोरी

घरी मायने आंघोळीला कढत पाणी काढून ठेवलं होतं. बबलूभैयांसाठी बाबांचं धोतर आणि बंडी निघाली. बंडीची बटणं लागली नाहीत. लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी, नव्या तांदळाचा भात. भैया चिडलेले होते तरी तिसऱ्यांदा भात घेताना हसले. "भाभीजी, मेरे मिल का चावल ऐसा क्यों नहीं पकता?"

"मिलवर पांढरा करून करून तुमी त्याचा जीव काढता," माय म्हणाली.

मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. बाबांनी विचारलं, "काऊन रे, तोंड काऊन उतरलं?" मी सगळं सांगितलं, गाडी, नोकरी, चिखल. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "सकारी बांधीवर ये. पाहुण्यायले पन आन."

सकाळी आम्ही बांधीवर गेलो. आमच्याकडे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात. मोठ्या बांध्यांत ट्रॅक्टरने चिखल झाला होता, बाया ओळीने वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. पण कोपऱ्यातली एक बांधी एवढी लहान, की ट्रॅक्टर तिथे वळत नाही. तिच्यासाठी बाबांनी अजून बैलजोडी ठेवली आहे. चिखल झाल्यावर तो सपाट करायला बैलांमागे एक जाड लाकडी फळी बांधतात आणि हाकणारा त्या फळीवर उभा राहतो. बाबा उभे होते. पासष्टीचे, गुडघे जरा वाकवलेले, हातात कासरे, आणि बैल चिखल उडवत धावताहेत. पाण्यावरून माणूस घसरत जावा तसे ते पूर्ण बांधीभर फिरले.

बबलूभैया बांधावर तोंड उघडं ठेवून बघत होते.

"सेठ, या ना," बाबांनी बैल थांबवले. "मी हलका पडून राहिलो. माती दबत नाही. फळीले वजन पाह्यजे, तुमच्यासारखं."

बाया खुदखुदल्या. एक म्हणाली, "या भाऊ, आज तरी आमच्या तांदराचं ओझं तुमी उचला!"

आता मागे फिरणं भैयांच्या स्वभावात नव्हतं. धोतर खोचून ते चिखलात उतरले, फळीवर चढले, कासरे धरले आणि पाय काठीसारखे ताठ करून उभे राहिले. बैलांनी ओढलं मात्र, भैया मागच्या मागे बसले. थेट चिखलात. बायांचं रोवणं थांबलं, हसू थांबेना. भैयांना स्वतःलाच हसू आलं.

"टोंगरे ढिले सोडा सेठ," बाबा म्हणाले. टोंगरे म्हणजे गुडघे. "ताठ राहाल तं पडाल. कासरे ओढू नोका, नुसते धरून राहा. बैल आपनच सरका जाते. आनि खाली पाहू नोका, जिथं जायचं हाय तिथं पाहा." सरका म्हणजे सरळ.

दुसऱ्या खेपेला भैया चार पावलं गेले. तिसऱ्या खेपेला अख्खी बांधी. वळणावर त्यांनी अंग आपोआप आतल्या बाजूला झुकवलं, कुणी सांगितलं नव्हतं. बांधावरून मी ते पाहत होतो आणि माझ्या कानात नागपूरच्या शिक्षकाची इंग्रजी वाक्यं वाजत होती. गुडघे मोकळे. हँडल घट्ट धरू नका. नजर पुढे. दोन दिवस मी वहीत जे उतरवून घेतलं होतं, ते माझे बाबा माझ्या जन्माआधीपासून करत होते. लहानपणी वजन म्हणून मला त्याच फळीवर त्यांच्या पुढ्यात उभं करायचे. माझ्या पायांना ते माहीत होतं. मीच विसरलो होतो.

"भैया," मी म्हटलं, "गाडीवर हेच करायचं आहे. दुसरं काही नाही."

भैया धापा टाकत होते. "मतलब?"

मतलब सांगण्यात अर्थ नव्हता. मी सगळ्यांना जवळच्याच पारीवर, त्याच कालच्या जागी घेऊन गेलो. बाबा आले, बैल सोडून. रोवणाऱ्या बायाही आल्या, म्हणाल्या, काम तं रोजचंच आहे. मी उंच गाडी सुरू केली, एकदा पटले सरांकडे पाहिलं, मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पायठेवणीवर उभा राहिलो.

चिखल आला. मागचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. मी गाडीला जाऊ दिलं. बैल आपणच सरका जाते. पन्नास पावलं संपली आणि मी पलीकडे कोरड्या मातीवर होतो. वळलो आणि तसाच, उभाच, परत आलो.

सर पुढे आले. मी मान खाली घातली.

"वर्गात असा उभा राहिला असतास तर बाहेर काढलं असतं," ते म्हणाले. मग डायरी काढली. "आता अजून एकदा जा. पाय नेमके कुठे ठेवलेस ते मला लिहून घ्यायचं आहे."

मग बबलूभैया चढले. बाबांच्या बंडीत, अनवाणी जायला निघाले होते, मी ओले बूट जबरदस्तीने घालायला लावले. सुरुवातीची माती बसून काढली. चिखलाच्या तोंडाशी ते थांबतात की काय असं वाटलं. तेवढ्यात बाबा ओरडले, "सेठ, फळी!"

भैया उभे राहिले. ती बंडी वाऱ्यावर उडाली, गुडघे वाकले, मान वर झाली. चाकोरीत पुढचं चाक गेलं आणि बाहेर आलं. मधोमध गाडी एकदा इतकी आडवी झाली की बायांनी डोळ्यांवर पदर घेतले. भैयांनी हँडल ओढलं नाही. गाडी आपोआप सरळ झाली. पलीकडे पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की नहराकाठचे बगळे उडाले. मग गाडी फिरवली आणि पुन्हा आले. मग पुन्हा गेले. एकूण किती वेळा गेले कुणी मोजलं नाही. पटले सरांनी स्वतःची खेप मागितली तेव्हा भैया म्हणाले, "रुको सर, एक और." सर शेवटी गेले, अगदी हळू, ताठ मानेने, आणि एकदाही पाय खाली न सोडता पार झाले. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, रोवणी करणाऱ्या बाईने, बांधावरून टाळ्या वाजवल्या. सर लाजले.

बाबांनाही मी विचारलं, बसता का? त्यांनी गाडीच्या सीटवर हात फिरवला. "मस्त जनावर हाय," म्हणाले. "पन आमचे बैल उपाशी उभे हायत." आणि गेले.

दुपारी भैयांनी अंगणात खाटेवर बसून मोबाइलसमोर मत दिलं. मी ते जसंच्या तसं ठेवलं आहे.

"पहले खराबी सुनो. आवाज नहीं है, मुझे चाहिए था. मॅडमला नको, उनकी बात भी सही है. इंजिन की गरमी उजव्या पोटरीला लागते. आरसे छोटे आहेत, एक तो मैंने कम कर दिया. रुकते वक्त संभालना पडेगा, सर का पेरू का किस्सा सर से पूछो. और ये गाड़ी बैठने वाले की नहीं है. मैं तीस साल बैठा. अब सुनो. काल मी याच गाडीवरून पडलो आणि आज त्याच चिखलातून पार झालो. गाड़ी वही थी. आदमी को खड़ा होना सिखा दो, ये गाड़ी कहीं भी जाएगी. पहाड़ लागत नाही हिला, हमारी बांधी काफी है. लेकिन सिखाने वाला चाहिए. गाड़ी गोंदिया में रखो, और ये हेमराज को साथ में रखो. दोनों साथ में, अलग-अलग नहीं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं. नीट बंद व्हायला दोनदा दाबावं लागलं, मग मॅडमच्या मतासोबत ते नागपूरला पाठवलं.

गोंदिया

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. नवी गाडी भैयांनी कुणाला दिलीच नाही, त्यांची जुनी लांब गाडी मी आणली, धडधडत. कोहमाऱ्याला पेरूवालीने लांबूनच हात केला.

नागपूरच्या साहेबांचा फोन शनिवारी सकाळी आला. शोरूमच्या मालकांनी स्पीकरवर टाकला. गाडी गोंदियात ठेवा, साहेब म्हणाले, शिकवणारा उद्यापासूनच सुरू करू शकतो का? मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग आठवलं की फोनवर मान दिसत नाही, आणि मोठ्याने "हो सर" म्हटलं. मायला फोन केला. ती म्हणाली, "आता तू लिहिशील नाही?" मी म्हटलं, "नाही माय, आता शिकवीन." पलीकडे ती बाबांना हाक मारताना ऐकू आली.

रविवारी बबलूभैयांच्या मिलच्या अंगणात, जिथे धान वाळवतात तिथे, क्लबचे चौदा जण आले. डॉक्टर, ठेकेदार, दोन वकील, एक किराणावाले. सगळे माझ्यापेक्षा वयाने, पैशाने आणि पोटाने मोठे. मी त्यांना आपापल्या बुटक्या, लांब गाड्यांवरच आधी उभं राहायला लावलं, कारण शिकायची ती सवय पायांची आहे, गाडीची नाही. चौदा मोठी माणसं संथ गतीने अंगणात गोल फिरत होती, गुडघे वाकवून, नजर पुढे. दारातल्या हमालांनी कामं थांबवली होती.

पाचव्या फेरीला बबलूभैया थकले. घाम पुसला आणि हळूच सीटवर टेकले.

"बस हेमराज, दो मिनट."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बसू नका भैया," मी म्हटलं. "उठा. टोंगरे ढिले."

भैया उठले.